रामकुंडावर उद्या किती माणसं?

गोदावरीला पूर आला की नाशिककर एकमेकांना मीटरमधले आकडे सांगत नाहीत. ‘मारुतीच्या कमरेला लागलंय,’ असं सांगतात. पंचवटीत रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, छातीला आहे की गळ्याला, एवढ्यावरून सराफ बाजारातल्या दुकानदारांना कळतं की माल वरच्या फळीवर चढवायचा का नाही. बिनखर्चाचं, बिनविजेचं आणि कधीही न बिघडणारं यंत्र!

पण पंचवटीत दुसराही एक पूर येतो. माणसांचा. तो मोजायला मारुती कुठून आणायचा?

आणि मोजायचा तरी कशाला, असं विचारताय? मग रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या एका मावशींची कल्पना करा. त्या पानांच्या द्रोणात फुलं आणि दिवा ठेवून विकतात. उद्यासाठी किती द्रोण करायचे, हे त्यांना आज रात्रीच ठरवावं लागतं. जास्त केले तर फुलं कोमेजतील, कमी केले तर गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे जाईल. आता हाच प्रश्न मोठा करा. हॉटेलवाल्यानं किती खोल्यांचं भाडं वाढवावं? एसटीनं किती जादा गाड्या सोडाव्यात? विमान कंपनीनं लंडन-मुंबई मार्गावर डिसेंबरात किती उड्डाणं ठेवावीत? प्रश्न तोच, फक्त टोपली मोठी. जगभरचे संख्याशास्त्रज्ञ या कोड्याला ‘पर्यटनाची मागणी’ म्हणतात, आणि ती मागणी सरळ रेषेत कधीच चालत नाही. वरखाली, वरखाली नाचत राहते. त्या नाचाला ताल आहे का, हेच त्यांना शोधायचं असतं.

आधी मोजणी. काळाराम मंदिराला तिकीट नाही, सीता गुंफेसमोरच्या रांगेचं मोजमाप कुणी लिहून ठेवत नाही, आणि रामकुंडावर तर चहूबाजूंनी माणूस येतो. परदेशी पाहुणे मोजणं त्या मानानं सोपं, कारण देशात शिरताना विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर शिक्का बसतो आणि ते हॉटेलात उतरले की हॉटेलला सरकारला कळवावं लागतं. आपल्या देशातलाच माणूस मात्र येतो, डुबकी मारतो, चिवडा घेतो आणि जातो. कुठे नोंद नाही.

अगदीच नाही असं नाही म्हणा. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी जुन्या वह्या असतात, त्यांना नामावळी म्हणतात. तुमच्या आडनावाची आणि गावाची नामावळी सापडली, तर तुमचे खापरपणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे त्यात लिहिलेलं सापडू शकतं. घराण्याची आठवण म्हणून लिहिलेल्या या वह्या माझ्या मते यात्रेच्या गर्दीच्या सगळ्यात जुन्या नोंदी आहेत. पण त्या एकेका घरात विखुरलेल्या आहेत, आणि त्यांची बेरीज करून आलेख काढायचा म्हटलं तर आयुष्य जाईल.

मग २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला तेव्हा नाशिकमध्ये एक गंमत झाली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक असलेले, मूळचे नाशिकचेच रमेश रासकर यांच्या पुढाकारानं ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मेळ्यातल्या अडचणींवर इथल्याच पोरांनी उत्तरं शोधायची, अशी ती कल्पना. त्यात निलय कुलकर्णी नावाचा किशोरवयीन नाशिककर आणि त्याचे साथीदार होते. त्यांनी माणसं मोजणारी चटई केली! पहिला नमुना तीन दिवसांत तयार झाला, पुठ्ठा आणि अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल वापरून. चटईवर पाय पडला की दाब लागतो, दाबामुळे विजेचा बारीकसा ठोका जातो आणि आकडा एकानं वाढतो. पण चटई अरुंद असली तर माणूस तिच्यावरून टांग टाकून पुढे जातो, आणि रुंद असली तर एकाच माणसाचे दोन पाय पडतात. म्हणून त्यांनी लोकांच्या पावलांमधलं अंतर पाहिलं, बरेच प्रयोग केले आणि १८ इंच ही रुंदी ठरवली. मेळ्यात या चटईनं १८ तासांत पाच लाखांहून जास्त माणसं मोजली, असं निलयनं नंतर टेडच्या व्यासपीठावर सांगितलं.

हा खेळ नव्हता, हेही सांगायला हवं. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे येणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३० हून जास्त माणसं गेली. कुठल्या गल्लीत किती माणसं शिरली आहेत हे वेळेवर कळणं, यावर जीव अवलंबून असतात.

बरं, आकडे मिळाले असं समजू. आता त्यांच्यातला ताल कसा ओळखायचा?

त्यासाठी जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध आकड्यांच्या यादीकडे जाऊ. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेनकिन्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात १९४९ ते १९६० या काळातल्या आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची दर महिन्याची संख्या दिली आहे. बारा वर्षांचे १४४ आकडे. हा विषय शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी, पुण्यात असो वा पॅरिसमध्ये, कधी ना कधी या १४४ आकड्यांशी झटापट करतो. आपणही करू. वही-पेन्सिल घ्या, कॅल्क्युलेटरही चालेल, कुणी रागावणार नाही.

१९४९ च्या नोव्हेंबरात प्रवासी होते १ लाख ४ हजार आणि जुलैत १ लाख ४८ हजार. जुलैत युरोप-अमेरिकेत शाळांना सुट्टी असते, म्हणून जास्त. फरक ४४ हजारांचा. आता १९६० पाहा: नोव्हेंबरात ३ लाख ९० हजार, जुलैत ६ लाख २२ हजार. फरक २ लाख ३२ हजार! म्हणजे ‘जुलैत ४४ हजार जास्त धरा’ असा नियम करणारा पार आपटला असता. पण वजाबाकीऐवजी भागाकार करून बघा. १४८ भागिले १०४ म्हणजे सुमारे १.४. आणि ६२२ भागिले ३९० म्हणजे सुमारे १.६. तंतोतंत सारखं नाही, पण दोन्ही वेळा जुलै नोव्हेंबरच्या साधारण दीडपट. ऋतूचा ताल इथे बेरजेत नाही, गुणाकारात लपलेला आहे.

आता खरी जादू. समजा आपण १९६० च्या जूनअखेर उभे आहोत आणि जुलैचा आकडा सांगायचाय. मागच्या वर्षी, म्हणजे १९५९ मध्ये, जूनला ४ लाख ७२ हजार होते आणि जुलैला ५ लाख ४८ हजार. ५४८ भागिले ४७२ म्हणजे १.१६१. यंदाच्या जूनला ५ लाख ३५ हजार आहेत. ५३५ गुणिले १.१६१ करा. आलं का उत्तर? ६२१. आणि खरोखर किती आले? ६२२! सहा लाखांच्या वर माणसं, आणि चूक फक्त हजाराची.

लगेच टाळ्या वाजवू नका. हीच युक्ती १९६० च्या मार्चला लावा. १९५९ मध्ये, हजारांत, फेब्रुवारी ३४२, मार्च ४०६. गुणक १.१८७. यंदाचा फेब्रुवारी ३९१, म्हणून मार्च यायला हवा ४६४. प्रत्यक्षात आला ४१९. तब्बल ४५ हजार माणसं गायब! बरं, मग एप्रिल बघा. त्याच युक्तीनं एप्रिलचं उत्तर येतं ४०९ आणि प्रत्यक्षात आले ४६१. इथे ५२ हजार माणसं कुठून तरी जादा उगवली. मार्चमध्ये हरवलेली माणसं एप्रिलमध्ये सापडावीत, तसं.

गुन्हेगार कोण? कॅलेंडर काढा. १९५९ मध्ये ईस्टरचा सण २९ मार्चला होता. १९६० मध्ये तो आला १७ एप्रिलला. ईस्टरच्या सुट्टीत युरोप-अमेरिकेत लोक प्रवासाला निघतात, आणि सण सरकला तशी गर्दीही एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात सरकली. (१९६० चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, त्याचाही किंचित हात आहे, पण मुख्य संशयित ईस्टरच.)

सण असा का सरकतो? कारण तो चंद्राकडे बघून ठरतो. वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आणि चंद्राकडे बघून ठरणारे सण कुणाकडे भरपूर आहेत? आपल्याकडे! चैत्र शुद्ध नवमीला काळाराम मंदिरात रामजन्माचा सोहळा होतो आणि दोनच दिवसांनी, कामदा एकादशीला, पंचवटीतून श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो. २०२३ मध्ये रामनवमी होती ३० मार्चला. २०२४ मध्ये आली १७ एप्रिलला. बघा, अगदी ईस्टरसारखीच उडी! मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता. बारा चांद्रमहिन्यांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतात, आणि अधिक महिना आला की परत पुढे ढकलले जातात. ‘मागच्या मार्चला एवढे द्रोण खपले, यंदाच्या मार्चलाही खपतील,’ असं म्हणणाऱ्या मावशी २०२४ मध्ये टोपलीभर फुलं घेऊन बसून राहिल्या असत्या. अर्थात पंचवटीतल्या खऱ्या मावशी असं कधीच म्हणणार नाहीत, कारण त्या इंग्रजी महिन्यावर नाही, पंचांगावर चालतात. हे शहाणपण संगणकाला मात्र मुद्दाम शिकवावं लागतं. तक्त्यात एक वेगळा रकाना करायचा: सण असेल त्या दिवशी १, नसेल त्या दिवशी ०. या होय-नाहीच्या रकान्याला ‘डमी’ म्हणतात. नाव वेडगळ आहे, काम फार शहाणं.

प्रत्येक गावच्या पाहुण्याचा ताल वेगळा, हीसुद्धा एक गोम आहे. भारतात परदेशी पर्यटक डिसेंबरच्या आसपास सगळ्यात जास्त येतात आणि मे-जूनच्या उकाड्यात सगळ्यात कमी. आपल्या मराठी शाळांना मात्र मेमध्ये सुट्टी, त्यामुळे विदर्भातलं किंवा कोकणातलं कुटुंब नेमकं तेव्हा पंचवटी-त्र्यंबक-शिर्डी करायला निघतं. मुंबईकर शनिवार-रविवार पाहून येतात. न्यू जर्सीला राहणारी मावसबहीण नाताळच्या सुट्टीत, नाहीतर तिकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. श्रावणी सोमवारी कपालेश्वराच्या मंदिरात रांग. आणि काही कुटुंबं घरातल्या गेलेल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात. त्यांच्या येण्याला ऋतू नसतोच. हे सगळे ताल एकाच घाटावर एकावर एक चढतात आणि आपल्याला दिसते नुसती ‘गर्दी’. म्हणून हुशार अभ्यासक गर्दीचा एकच आकडा घेऊन बसत नाहीत. कोण कुठून आलं, याप्रमाणे आकडे वेगळे करतात आणि प्रत्येकाचा ताल वेगळा शोधतात.

आता सगळ्यात लांबचा ताल. सिंहस्थ. गुरू हा ग्रह सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकला कुंभमेळा भरतो, आणि एरवी बंद असलेलं रामकुंडावरचं गंगा-गोदावरीचं मंदिर तेव्हाच उघडतं. बारा वर्षांनी, असं आपण म्हणतो. पण गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला बारा वर्षं लागत नाहीत, ११.८६ वर्षं लागतात. फरक चिमूटभर वाटतो ना? सातनं गुणून पाहा. बारा साते चौऱ्याऐंशी. पण ११.८६ गुणिले ७ म्हणजे ८३.०२. सात फेऱ्यांत अख्खं एक वर्ष खाल्लं! म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२२ ला न येता २०२१ लाच भरला. त्याच्या ८३ वर्षं आधी, १९३८ मध्येही तो अकरा वर्षांनीच भरला होता.

नाशिकच्या पुढच्या सिंहस्थाचं जाहीर झालेलं वेळापत्रकही मजेशीर आहे. २०१५ मध्ये ध्वजारोहण १४ जुलैला झालं होतं. आता ते आहे ३१ ऑक्टोबर २०२६ ला. मोजा: सव्वाअकरा वर्षांच्या किंचित वर! कारण पंचांगाप्रमाणे गुरू त्या दिवशी सिंहेत शिरतो, मग वक्री होऊन काही महिने कर्केत परत जातो आणि २०२७ च्या जूनअखेर पुन्हा सिंहेत येतो. तो खरोखर मागे फिरत नाही बरं का. आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगानं त्याला ओलांडून जाते, म्हणून आपल्याला तो मागे सरकल्यासारखा दिसतो. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला.

आता संगणकाच्या जागी स्वतःला ठेवा. दर वर्षी येणारा ताल शिकायला त्याच्याकडे पन्नास-साठ वर्षांचे आकडे असू शकतात. पण सिंहस्थ? १९५६ पासून २०१५ पर्यंत मोजले तर जेमतेम सहा. त्यातल्या जुन्या मेळ्यांत ना चटई होती ना कॅमेरे. सहा उदाहरणांवरून, तीही अंदाजी, कुणी काय शिकावं? इथे संगणकाच्या बढाया मला फारशा पटत नाहीत. आकडे थोडे असले की गणितापेक्षा पंचांग, जुनी माणसं आणि नदीकाठची मोकळी जागा मोजणारी टेप यांचाच आधार जास्त असतो.

आणि मग येतात धक्के. ज्यांना ताल नाही, तारीख नाही, पंचांगात जागा नाही. २००८ मध्ये भारतात सुमारे ५२.८ लाख परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी जगभर मंदीची लाट आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. २००९ मध्ये आकडा ५१.७ लाखांवर घसरला. हा झाला छोटा धक्का. मोठा तुम्हाला आठवत असेल, करोनाच्या साथीत शाळा बंद होती तेव्हाचा. २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक. २०२० मध्ये २७ लाख. २०२१ मध्ये १५ लाख. मग २०२२ मध्ये ६४ लाख आणि २०२३ मध्ये ९५ लाख. १९६० च्या जुलैला हजाराच्या फरकानं ओळखणारी आपली युक्ती इथे काय करेल? काहीही नाही. गुपचूप बसेल.

पण धक्क्यांमध्येही एक विचित्र शिस्त असते, हे रॉबर्ट एंगल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं. वर्गात एकदा कुणी खुदकन हसलं की पुढची पाच मिनिटं कुणी ना कुणी हसतच राहतं, आणि एकदा वर्ग शांत झाला की बराच वेळ शांतच राहतो, हे तुम्ही पाहिलंय. आकड्यांचंही तसंच. मोठ्या उलथापालथीनंतर पुढचे काही महिनेही उलथापालथीचेच असतात, कधी वर, कधी खाली. शांत महिने शांत महिन्यांच्या शेजारी बसतात. पुढचा धक्का वर नेईल की खाली, हे सांगता येत नाही, पण ‘सध्या हेलकावे मोठे असतील’ एवढं सांगता येतं. एंगलनं हे १९८२ मध्ये ‘आर्च’ नावाच्या गणिती साच्यात बसवलं. त्याबद्दल त्याला नोबेल मिळालं २००३ मध्ये, म्हणजे नाशकात सिंहस्थ चालू होता त्याच वर्षी. त्यानं हा साचा महागाईच्या आकड्यांवर वापरला होता. पुढे अर्थशास्त्रज्ञ मायकेल मॅकअलीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पर्यटकांना लावला: जपान, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिकेतून ऑस्ट्रेलियाला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या किती जोरात हेलकावे खाते आणि एका देशाच्या हेलकाव्याचा दुसऱ्याशी काही संबंध असतो का, हे त्यांनी तपासलं.

हेलकावा कळून काय फायदा? फायदा असा, की अंदाज सांगताना नुसता एक आकडा न देता पट्टा देता येतो. ‘उद्या ८० द्रोण खपतील’ याऐवजी ‘बहुतेक ६० ते १०० च्या मध्ये’. शांत दिवसांत पट्टा अरुंद, धक्क्यानंतर रुंद.

आणि पट्टा हातात आला की आपल्या मावशींचं कोडं सुटतं. समजा एका द्रोणाला ४ रुपये खर्च येतो आणि तो १० रुपयांना जातो. खपला तर ६ रुपये सुटले, राहिला तर ४ बुडाले. त्यांचे ७९ द्रोण झालेत आणि ऐंशीवा करू की नको असा प्रश्न आहे. खपण्याची शक्यता दहात चार असेल तर? दहा दिवसांत चार वेळा ६ रुपये, म्हणजे २४ सुटले. सहा वेळा ४ रुपये, म्हणजे २४ बुडाले. फिटंफाट! म्हणून नियम असा: पुढचा द्रोण खपण्याची शक्यता दहात चारपेक्षा जास्त आहे तोवर करत राहा, त्याखाली गेली की थांबा. नुसती सरासरी काढून हे कधीच कळलं नसतं. गणितात या कोड्याला वर्तमानपत्र विकणाऱ्याचं नाव आहे, कारण शिळा पेपर आणि कोमेजलेलं फूल यांची किंमत सारखीच. मेळ्यातल्या पिण्याच्या पाण्याला मात्र हा हिशेब वेगळा लागतो. टँकर उरला तर थोडं डिझेल वाया गेलं, पण पाणी कमी पडलं तर माणसं भोवळ येऊन पडतील. तिथे पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाचीच तयारी ठेवायची.

आता तुमच्यासाठी. अमृतस्नानाच्या दिवशी मावशींनी द्रोणाची किंमत २० रुपये केली आणि खर्च ४ रुपयेच राहिला, तर खपण्याची शक्यता दहात किती उरेपर्यंत त्यांनी द्रोण करत राहावं?

(उत्तर: दहात दोन. दोन वेळा १६ रुपये सुटले, आठ वेळा ४ बुडाले. दोन्हीकडे ३२.)